मुलं सोडून

खडकीच्या आमच्या देवळात
हजेरीची वही सत्तावीस वर्षं माझ्याकडे आहे.
दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपर होतो, नग मोजायची सवय,
म्हणून पाळकसाहेबांनी गळ्यात घातली.
दुसरी घंटा झाली की मागच्या बाकावरून
डोकी मोजायची, लाल शाईनं लिहायचं:
उपस्थिती एकशे बत्तीस. मुलं सोडून.

सोडायला कुणी सांगितलं नव्हतं.
आधीच्या सेक्रेटरींच्या, त्यांच्याही आधीच्यांच्या
वळणदार अक्षरात तेच दोन शब्द.
मी फक्त शाई बदलली.

मागच्या नाताळाआधी शेजारी येऊन बसली
यमीमा आढाव. वय नऊ, पुढचा एक दात नाही.
ओळीवरून बोट फिरवत म्हणाली,
"शद्रखकाका, मग आम्ही कुठे लिहिलोय?"

गप्प बस, म्हटलं, प्रार्थना चालू आहे.
चालू होतीच.
मी डोळे मिटून गवतावर बसलेली ती गर्दी बघत होतो,
पुरुष सुमारे पाच हजार, बायकापोरं सोडून.
लिहिणारा माझ्याच जातकुळीतला, कुणी स्टोअरकीपर असणार.
आणि भाकरी कुणाच्या फडक्यातून निघाल्या?
सोडलेल्यांतल्याच एकाच्या.
त्या पोराचं नाव कुणी विचारलं नाही.
उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या मात्र
बरोबर बारा मोजल्या.

नगरच्या बोर्डिंगात माझ्या ताटावर सत्तेचाळीस कोरलं होतं.
"सत्तेचाळीस, पुढे ये." जायचो.
एकट्या सगुणाबाई नावानं हाक मारायच्या,
आणि भट्टीतल्या तिघांची गोष्ट सांगताना
माझ्याकडे बघून थांबायच्या,
जणू आगीतून आत्ताच बाहेर आलोय मी,
केसालाही धग न लागता.
त्यांनी शिकवलेलं व्याकरण कधीच सांडलं.
ते थांबणं अजून पुरतंय.

पुढच्या रविवारी वही उलटी धरली,
मागच्या पानापासून सुरुवात केली. आकडे नाहीत.
हनोख पाटोळे: झोपला. आई पहाटे तीनला इडल्या लावते,
हा चटणी वाटतो. झोपू दिला.
केतुरा: बूट बहिणीचे, आत कागद कोंबलेला.
विकी: आपल्या मंडळीतला नाही, रेंजहिल्सच्या रुळांपलीकडचा,
खाऊसाठी येतो. येऊ दे. भागाकार येत नाही.
यमीमा: हजर. प्रश्न एक.

त्या भागाकारापायी माझे शनिवार गेले.
देवळामागच्या व्हरांड्यात चटई,
कारखान्यातला जुना व्हर्नियर विकीच्या हातात दिला.
त्यानं मेणबत्ती मोजली, दानपेटीची फट मोजली,
केतुराचा अंगठा, माझं नाक,
आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं,
"हे उरलेलं कुठे लिहायचं?"

कमिटीत चक्रनारायण म्हणाले,
"ही तर शिकवणी झाली. यात सुवार्ता कुठे आहे?"
चांगला माणूस. प्रश्नही खोटा नव्हता.
म्हटलं, दशांश चिन्हानंतर दुसऱ्या घरात असेल,
शोधतोय.
कुणी हसलं नाही.
शोधतोय हे खरंच होतं.

यंदा डोळ्यात मोतीबिंदू उतरला.
समोरच्या बाकांवर नुसते रंग दिसतात,
म्हणून मोजणी यमीमाकडे.
नवा दात अर्धा आलाय, तो ओठावर दाबून मोजते,
पाळण्यातली मोजते, झोपलेला हनोख मोजते,
पेन्सिलनं लिहिते, खोडता यावं म्हणून.

पुनरुत्थानाच्या रविवारी आकडा एकानं जास्त आला.
दोनदा मोजायला लावलं. तेवढाच.
मग तिनं कानात सांगितलं,
"रिबेकावहिनींना दोन धरलंय."

मी खोडरबर हातात घेतलं.
थोडा वेळ तसंच धरलं.
खिशात ठेवून दिलं.